शंभराची बेरीज

मंगळवार, ३ नोव्हेंबर

धाकटी आली. संध्याकाळी बेल वाजली तेव्हा मी भाजी चिरत होते आणि आई आतल्या खोलीतून दार बघ, दार बघ करत होती, जणू मला कान नाहीत. धाकटीकडे या घराची किल्ली लग्नाआधीपासून आहे. पण अंधार पडला की आम्ही आतून वरची कडी लावतो, आणि कडी लावली की किल्लीचा काही उपयोग नसतो. दार उघडलं तर एक छोटी बॅग आणि नाकापर्यंत मफलर.

"थोडे दिवस राहू का?" म्हणाली.

"राहू का म्हणजे काय? पाहुणी आहेस?" मी म्हटलं आणि बॅग ओढून घेतली. बॅग अगदी हलकी होती.

मनगटाला पट्टी बांधलेली. विचारलं तर म्हणाली, दारात हात सापडला. ही लहानपणापासूनच धांदरट. शाळेत जाताना उभ्या खांबाला धडकायची आणि वर त्याची माफी मागायची.

जेवताना तिच्या नवऱ्याचा फोन आला. आईने लग्नाच्या दिवसापासून त्यांना जावईबापू केलंय, तेच माझ्याही तोंडात बसलंय. मला म्हणाले, "ताई, तिला जरा आरामाची गरज आहे, मीच म्हटलं जाऊन ये. रक्तवाढीच्या गोळ्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात ठेवल्यात, तेवढ्या आठवणीने द्या." इतकं कोण बघतं बायकोचं? आईचे डोळे भरून आले. मी लग्न केलं नाही, त्यामुळे लग्नांबद्दल माझी मतं फार पक्की आहेत, पण हे लग्न बरं निघालं असंच म्हणावं लागेल.

हॉलमध्ये गादी घातली. तिथल्या हीटरची कळ फिरत नाही, म्हणून माझी जाड रजई तिला दिली.

गुरुवार, ५ नोव्हेंबर

कामाच्या नोंदी कामाच्या जागी असतात, पण तिथे चिडचिड लिहिता येत नाही. म्हणून ती इथे.

आमचं काम आईला एकदाच समजावलं होतं. आजच्या युरोपातल्या माणसांच्या पेशींत ढोबळमानाने तीन जुन्या लोकांचे वाटे सापडतात. सगळ्यांत आधी तिथे राहणारे शिकारी, मग आग्नेयेकडून बी-बियाणं घेऊन आलेले शेतकरी, आणि त्यानंतर पूर्वेच्या गवताळ मैदानांतून आलेले गुराखी. हजारो वर्षांपूर्वीच्या हाडांमधून या तिघांचे नमुने मिळालेत. आजचा माणूस घ्यायचा आणि त्याच्यात कोण किती ते काढायचं. आई म्हणाली, म्हणजे उकळून झालेल्या चहातून पाणी किती, दूध किती, साखर किती ते सांगायचं. एवढं नीट आमच्या सरांनाही सांगता येत नाही.

सध्या एका दक्षिणेकडच्या बेटावरच्या लोकांचे नमुने आहेत. माझ्या संगणकावरच्या मॉडेलने तिथे गुराख्यांचा वाटा एकतीस टक्के काढला. एवढा कुणालाच अपेक्षित नव्हता. सर हरखून फिरतायत. गुराखी समुद्र ओलांडून बेटावर गेले आणि तिथे त्यांनी जम बसवला, असा लेख जाणार, आणि त्यावर पहिलं नाव माझं. इतकी वर्षं घासल्यावर.

विघ्न एकच, हाडवाली. प्राचीन हाडं कोरून त्यांतून नमुने काढण्याचं काम तिच्याकडे आहे म्हणून हे नाव. तिलाही ते आवडतं. ती म्हणाली, "इतर सगळीकडे गुराखी आले ते मुख्यतः पुरुष आले. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या गुणसूत्रात त्यांच्या खुणा भरपूर दिसतात. तुझ्या बेटावर त्या जवळपास नाहीतच. मग हे एकतीस टक्के आले कुठून?"

मी म्हटलं, मॉडेल नमुन्यांवर बसतंय. ती म्हणाली, "जेमतेम बसतंय." जेमतेम बसलेलंही बसलेलंच असतं.

सोमवार, ९ नोव्हेंबर

धाकटी घरात आहे आणि नाही. दिवसभर आईचे कपडे इस्त्री करते, कोरडी भांडी पुन्हा पुसते. गेल्या वर्षी तिने नोकरी सोडली. जावईबापूच म्हणाले होते, किती दमतेस, कशाला ओढाताण. रिकामं बसलं की माणसाचं असं होतं.

फोन वाजला की मात्र ताडकन उठते. आज मी सुट्टी घेतली होती म्हणून सगळं पाहिलं. जावईबापू व्हिडिओवर फोन करतात. ती त्यांना सगळा हॉल फिरवून दाखवते, मग स्वयंपाकघर, मग आतली खोली, आई झोपली असली तर आईसुद्धा. दाराची मागची बाजूसुद्धा दाखवली. मी चिडवलं, "काय गं, घर विकत घेतायत का ते?" ती म्हणाली, "त्यांना करमत नाही." लग्नाला सहा वर्षं झाली तरी करमत नाही. आई दिवसभर त्याच आनंदात होती.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

हाडवालीला जेवायला बोलावलं, खरं तर तिचं तोंड बंद करायला. तिने भरपूर जेवून ते उघडंच ठेवलं.

"तुझ्या मॉडेलने सगळं समजावून झाल्यावरही काहीतरी शिल्लक राहतंय, आणि ती शिल्लक एकाच दिशेला कलतेय," म्हणाली. "कुठेतरी पाणी मुरतंय."

मी म्हटलं, प्रत्येक मॉडेलला थोडी शिल्लक असते.

निघताना जिन्यात थांबून तिने विचारलं, "तुझी बहीण घरातही मनगटापर्यंत बाह्या घालते?"

"हॉलचा हीटर बिघडलाय," मी म्हटलं.

"स्वयंपाकघरात तर उकडत होतं."

या बाईला हाडं बघून बघून प्रत्येक माणसात मढं दिसतं. मी तिला नीट पोचून कळव म्हटलं आणि दार लावलं.

शुक्रवार, १३ नोव्हेंबर

जावईबापू न कळवता आले. संत्री आणली, आईच्या गुडघ्यांसाठी मलम आणलं, आणि दहा मिनिटांत हॉलच्या हीटरची कळ दुरुस्त केली. तीन आठवडे मी मिस्त्रीच्या मागे लागले होते. हॉल इतका छान तापला की आईने शाल काढून ठेवली. धाकटीने बाह्या वर केल्या नाहीत. सवय, दुसरं काय.

चहा आणताना तिच्या हातून कप पडला. ती खाली वाकणार, तोच जावईबापू म्हणाले, "थांब, हात कापून घेशील," आणि स्वतः एकेक तुकडा वेचला. मग तिच्या शेजारी बसले, एक हात तिच्या मानेवर ठेवून. अर्धा तास गप्पा झाल्या, हात तिथेच होता. मला पहिल्यांदा वाटलं की आपल्याही मानेवर असा कुणाचा हात असता तर बरं झालं असतं. हे इथेच लिहिते आहे, दुसरीकडे कुठे बोलणार नाही.

धाकटीचा चहा तसाच राहिला.

बुधवार, १८ नोव्हेंबर

आज मी टेबलावर बेटाचा आलेख उघडून बसले होते, धाकटी शेजारी येऊन बसली. बऱ्याच दिवसांनी आपणहून.

"हे काय आहे?"

"प्रत्येक उभी पट्टी म्हणजे एक माणूस. निळा शिकारी, हिरवा शेतकरी, लाल गुराखी."

"कुणाच्याच पट्टीत मोकळी जागा नाही."

"नसतेच. बेरीज शंभर यावी लागते."

"आणि एखाद्यात चौथंच काही असेल तर?"

"तरी मॉडेल या तिघांतच वाटून टाकतं. त्याला 'मला माहीत नाही' म्हणता येत नाही."

तिने एका पट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "ताई, मला घरी भीती वाटते."

"कशाची?"

"संध्याकाळी दारात किल्ली फिरली की पोटात गोळा येतो."

मी लॅपटॉप बंद केला. इतकं तर मला कळतं की अशा वेळी माणसाकडे बघून बोलावं. म्हटलं, "हे बघ छोटे, तू रात्र रात्र जागी असतेस. तुझं रक्त कमी आहे, गोळ्या चालू आहेत. आणि तू पहिल्यापासूनच भित्री, लपाछपीतसुद्धा रडायचीस. चाळीस टक्के झोप, पस्तीस टक्के रक्त, पंचवीस टक्के स्वभाव. यात न समजण्यासारखं काय आहे?"

"शंभर झाले," ती म्हणाली.

"झाले ना?"

ती हसली. उठून भांडी पुसायला गेली. पटलं असावं. मलाही जरा हलकं वाटलं, कारण खरं सांगायचं तर क्षणभर माझ्याही मनात काहीतरी चमकून गेलं होतं. ते काय होतं ते बघण्याआधीच हिशेब जुळला.

रविवार, २२ नोव्हेंबर

धाकटीला परत पाठवलं. 'पाठवलं' हा शब्द आई वापरणार नाही. ती म्हणेल, गेली. पण जावईबापूंना फोन मी केला. जितके दिवस ती इथे बसेल तितकी मनात जळमटं धरतील, असं मी आणि आईने ठरवलं. नोकरी नाही, मूल नाही, नुसतं आमच्या तोंडाकडे बघत बसायचं. अशाने राईचा पर्वत होतो.

तिने स्वतःच गादीची गुंडाळी केली, रजईची घडी घातली. खाली गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा जिन्यात माझा हात धरून म्हणाली, "आणखी थोडे दिवस राहिले तर?"

मी म्हटलं, "लपून किती दिवस बसणार, वेडे? पुढच्या महिन्यात ये की परत."

तिने हात सोडला. खाली जावईबापूंनी तिच्यासाठी गाडीचं दार उघडून धरलं होतं. वर येऊन मी गादी कपाटामागे सरकवली. हॉल मोठा वाटतोय.

सोमवार, ३० नोव्हेंबर

आधी कामाचं लिहिते.

हाडवालीकडे पूर्वेच्या डोंगररांगांपलीकडच्या प्राचीन लोकांची नवी हाडं आली होती. तिने ते नमुने माझ्या मशीनवर टाकले आणि म्हणाली, "एकदा यांना घेऊन चालव. मी बोलणार नाही." आणि खरंच गप्प बसली, हे तिला शोभत नाही.

चालवलं. चौथं नाव घातल्याबरोबर गुराखी एकतीसवरून नऊवर आले. त्यातला बाकीचा सगळा वाटा डोंगरापलीकडच्यांचा निघाला. ते फार नंतर, बोटींतून, थोडे थोडे करत बेटावर आलेले. शिल्लक जवळपास शून्य.

चूक साधी आहे, पण ती आमच्यासारख्यांनीच करावी. गुराख्यांमध्ये मुळातच निम्मा वाटा डोंगरापलीकडच्यांचा आहे, फार जुना. त्यामुळे तेच लोक उद्या दुसऱ्या वाटेने थेट आले आणि आपण त्यांचं नाव दिलेलं नसेल, तर मॉडेल त्यांच्यासारखं जे दिसतं त्याच्या नावावर सगळं टाकतं. गुराखी खोटे नव्हते. पण एवढे नव्हते. मॉडेलने लबाडी केली नाही. त्याला नावं मीच दिली होती.

सरांचं तोंड उतरलं, पण म्हणाले, "लेख जायच्या आत सापडलं हे नशीब."

घरी येताना बसमध्ये उभी होते. कुणीतरी खिशातून किल्ल्या काढल्या. तेवढंच. आणि मला धाकटीचा आवाज आला, पोटात गोळा येतो.

झोप लागत नव्हती हे खरं. पण का लागत नव्हती? भित्री होती हेही खरं. पण इतकी? मनगट, मफलर, बाह्या, नोकरी, फोनवरून दाखवलेली प्रत्येक खोली, अर्धा तास मानेवर ठेवलेला तो हात. एकेक गोष्ट मी वेगळ्या खात्यावर टाकली होती. दारावर, थंडीवर, प्रेमावर. जावईबापूंचं नाव मी घातलंच नव्हतं. कारण ते संत्री आणतात.

बसमधून उतरून तिथेच फोन लावला. त्यांनी उचलला. "झोपलीय ती, ताई." संध्याकाळचे सहा वाजले होते.

शुक्रवार, ४ डिसेंबर

रोज फोन करते. झोपलीय. आंघोळीला गेलीय. बाजारात गेलीय, फोन घरीच विसरली.

काल त्यांच्या घरी गेले. जावईबापूंनी दार अर्धं उघडलं, गोड हसले. "ताई, कळवायचं तरी. तिला ताप आहे, डॉक्टरांनी कुणाला भेटू देऊ नका म्हटलंय." मी म्हटलं, मी दुरूनच बघते. म्हणाले, "तुम्हाला इतकी काळजी होती तर पाठवलीत कशाला?" आणि हळूच, अगदी सभ्यपणे दार लावलं.

पोलीस चौकीत गेले. तिथल्या माणसाने विचारलं, बहिणीने स्वतः काही सांगितलंय का? सांगितलं होतं. मी काय उत्तर दिलं ते मला त्याला सांगता आलं नाही. तो म्हणाला, मग त्यांना स्वतःला येऊ द्या.

आईला सांगितलं. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. असं बोलू नये म्हणाली. मग बराच वेळ मलमाची ती डबी हातात घेऊन बसली होती.

बुधवार, ९ डिसेंबर

इस्पितळातून फोन आला. जिन्यावरून पडली. खांद्याजवळचं हाड आणि दोन बरगड्या.

मी पोचले तेव्हा जावईबापू पलंगाशेजारी बसून संत्रं सोलत होते. मला जागा करून दिली. धाकटी छताकडे बघत होती. एक डोळा जवळजवळ मिटलेला.

डॉक्टरबाई तरुण होत्या, पण तयारीच्या. त्यांनी एक औषध लिहून दिलं आणि जावईबापूंना खालच्या दुकानात पाठवलं. ते जाताच दार लोटलं आणि एक्स-रे माझ्यासमोर धरला. "ही बरगडी पूर्वी कधीतरी मोडून आपोआप सांधलेली आहे. मिस्टर म्हणतात, या सारख्या पडतात. तुम्ही मोठ्या बहीण ना? तुम्हाला काय वाटतं?"

"ती पडत नाही," मी म्हटलं. "तिला मारतात."

इतक्या सरळ वाक्यासाठी मला एवढा वेळ लागला.

डॉक्टरबाईंनी धाकटीकडे बघितलं. "तुम्ही सांगा. तुम्ही म्हणालात तर मी आत्ता पुढचं सगळं करते. ते परत यायच्या आत. तुम्ही पडलात का?"

मी तिच्या पायावर हात ठेवला. तिने पाय काढून घेतला.

"ताईचं ऐकू नका," ती छताकडे बघतच म्हणाली. ओठ सुजले होते, तरी प्रत्येक शब्द स्वच्छ आला. "तिनेच मला सगळं समजावलंय. चाळीस टक्के झोप. पस्तीस टक्के रक्त. पंचवीस टक्के माझा स्वभाव. घेरी येते आणि मी पडते."

"छोटे, ते चुकलं माझं. मी एक नाव घातलंच नव्हतं त्यात."

"शंभर झाले होते ना, ताई," ती म्हणाली.

जिन्यात पावलं वाजली. तिने डोळे मिटले. जावईबापू औषध घेऊन आत आले, उरलेले पैसे मोजत. डॉक्टरबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी वाचलं नाही, पण शब्द लहान होता, 'पडली' एवढाच असावा.

सोमवार, १४ डिसेंबर

आज तिला इस्पितळातून घरी सोडलं. त्यांच्या घरी.

जावईबापू गाडी दारापाशी आणायला गेले तेवढी दोन मिनिटं मिळाली. मी खूप काही ठरवून गेले होते, माफी, डॉक्टरबाईंचा नंबर, हाडवालीने शोधून दिलेल्या वकीलबाईंचा पत्ता. तोंडातून एवढंच आलं, "आपल्या घराची किल्ली आहे ना तुझ्याकडे?"

तिने माझ्याकडे बघितलं, इस्पितळात आल्यापासून पहिल्यांदाच. मग गाडी आली. ते तिला हाताला धरून, फार जपून, गाडीत बसवत होते. बाजूने जाणाऱ्या एका बाईने कौतुकाने वळून बघितलं.

लेख दुरुस्त करून गेला. सर म्हणाले, पूर्वीपेक्षा कितीतरी चांगला झालाय. मी हो म्हटलं.

घरी येऊन कपाटामागची गादी काढली आणि हॉलमध्ये घातली. आईने रजई आणून दिली. अंधार पडल्यावर ती सवयीने दाराकडे गेली, हात वर केला, आणि तसाच खाली घेतला. वरची कडी आता आम्ही लावत नाही.